पुसा

कंपनी म्हणते, बटणावर बारा अक्षरं मावतात.
‘डिलीट’चं नवं मराठी त्यात बसवा, शुक्रवारपर्यंत.
साखर पेठेत मी, पंख्याखाली;
भिंतीपलीकडचे माग कीबोर्ड थरथरवतात.

‘हटवा’ मीच लिहिलं होतं, मागल्या खेपेला.
मग शकुंतला बोमड्याल आल्या, फोन पुढं धरून.
टॉवेलच्या कारखान्यात ऑर्डरी बघतात त्या.
“हटवा म्हणजे बाजूला सरकवा, असंच की?
गर्दी झाली म्हणून मस्कतवाल्याला जरा हटवलं.
रंगांची यादी होती त्यात, सतराशे नगांची.
आता कुठं गेलं ते?”
कुठं, ते माझ्या शब्दात नव्हतंच.
एकतिसावा दिवस होता.
मस्कतला पुन्हा मागितली त्यांनी यादी,
मालकाच्या देखत, चूक आपली म्हणून.

आज ‘काढा’ लिहून पाहिलं.
पण पैसे काढतात, फोटो काढतात,
सर्दीला तर काढा पितातच.
‘मेल काढा’ म्हटलं
तर बाई मेल उघडून वाचून दाखवतील.
‘काढून टाका’? आमच्या गल्लीत
टाका म्हटलं की आधी सुई आठवते.

दुपारी त्यांच्याकडं गेले, अक्कलकोट रोडला.
मागाजवळ चिंध्यांचं पोतं, तोंड उघडं.
“यात पडलेलं शनिवारपर्यंत आपलं,” त्या म्हणाल्या,
“चुकून चांगला तुकडा गेला तर हात घालायचा.
शनिवारी इरप्पा आला, की संपलं.”
बोलता बोलता एक निळा काठ
त्यांनी वर ओढून घेतलाच.

घरी येऊन लिहिलं:
पोत्यात टाका. तीस दिवस राहील.
आणि दुसऱ्या बटणासाठी:
कायमचं पुसा. परत मिळणार नाही.
मोजलं. बसत नाही. तसंच ठेवलं.

‘पुसा’पाशी मात्र हात थांबला.
वाटेवर अजून पत्ता पुसतात लोक,
ख्यालीखुशाली पुसतात.
एकच शब्द:
ओल्या फडक्यानं पाटी कोरी करणारा,
आणि दाराशी उभं राहून
‘करू का?’ म्हणणारा.

शेवटी टीप जोडली, न मागितलेली:
पुसण्याआधी पुसा.

कंपनीचं उत्तर आलंय.
अजून उघडलं नाही.
त्याच्या शेजारी लहान राखाडी अक्षरांत
माझाच जुना शब्द,
हटवा.