रिकामी खाच

खानापूर स्टँडमागं निंगराजचं दुकान,
शटर अर्धंच उघडतं, वाकून आत जायचं.
लॅपटॉप पुढ्यात ठेवला नि म्हटलं,
कचेरीसमोर बसून अर्ज लिहिते मी.
माणसं मराठीत सांगतात, फॉर्म कानडीत भरायचा,
दोन्ही खिडक्या एकदम उघडल्या
की हा मेला जागच्या जागी थिजतो.

तो हसला. "भाषेचं काही नाही वो अक्का,
चार जीबीत ते तरी काय काय धरणार?"

आधी शटरच्या लोखंडाला हात लावला त्यानं,
अंगातली वीज उतरवायला म्हणे.
मग लॅपटॉप उपडा घालून
आठ स्क्रू डब्याच्या झाकणात मोजून ठेवले,
प्लास्टिकची पात कडेकडेनं फिरवली.
कट्. कट्. मी दुसरीकडं बघितलं.

आत धूळ, आणि पंख्यात गुंतलेला एक केस,
माझाच. काळाभोर.
म्हणजे जुना असणार.

"हे बघा." एक हिरवी पट्टी,
आणि तिच्या शेजारी तेवढीच एक खाच,
रिकामी.
"पडली की काय?"
"नाही वो. कंपनीतनं येतानाच अशी."

चार वर्षं ह्याच्यावर लिहिलं मी.
वारसा, वाटणी, बोजा उतरवणं,
एका पोरीच्या दाखल्यावरची चुकलेली जन्मतारीख.
आणि आत एक जागा,
जिथं कुणी कधी बसलंच नव्हतं.

निंगराज खोडरबरानं
नव्या पट्टीचे सोनेरी दात घासत सांगत होता,
"डिस्क म्हणजे कणगी. ही म्हणजे सूप.
कणगी कितीबी मोठी असू दे,
सुपात मावंल तेवढंच पाखडता येतंय."
"आणि करंट गेला की?"
"सूप मोकळं. ह्याला कालचं काही ठाऊक नसतंय.
आम्ही नेनपु म्हणतो बघा, ते हे नव्हे.
ही नुसती हातात धरायची ताकद."

तिरकी घातली, दाबली, दोन्हीकडच्या चापांनी धरली.
"नवी पळणारी आहे,
पण जुनीशेजारी बसली की जुनीच्याच चालीनं चालणार."
हे मला आवडलं.
का, ते त्याला सांगितलं नाही.
अडीच हजार म्हणाला, दोनशे सोडले.

दुसऱ्या दिवशी जांबोटीकडचे सटवाप्पा आले.
उताऱ्यावर सटुप्पा लागलंय, तिसरी खेप.
पहिल्या खेपेला लॅपटॉप थिजला होता,
तेव्हा त्यांनी थोरल्या भावाचं सांगितलं,
तो गोव्याला गेला, परत आला नाही.
दुसऱ्या खेपेला पुन्हा थिजला,
तेव्हा सांगितलं, ते नाव घालणारा तलाठी
तापानं फणफणला होता,
ह्यांच्याच ओट्यावर घोंगडी पांघरून
एकेक नाव विचारत होता,
आणि म्हशीनं मध्येच दावं तोडलं.
एवढ्यात माझा पडदा जागा झाला होता.
"पुढचं नंतर सांगतो," म्हणाले, आणि राहिलं.

आज दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी,
इकडं मराठी, तिकडं कानडी,
बोट उचलायच्या आत अक्षर हजर.
चार मिनिटांत अर्ज पुरा.
सटवाप्पांनी काठी सावरली, सही कुठं करू विचारलं,
टोपी अजून काढलीसुद्धा नव्हती.

मागं चार माणसं उभी होती.
एकाच्या हातात ओला कागद.
मी प्रिंटवर नेलेलं बोट मागं घेतलं.
"थांबा हं," म्हटलं, "अडकलंय जरा."
स्टूल पुढं सरकवलं.

"मग म्हशीचं काय झालं?"