कक्ष सत्तेचाळीस

दहा वर्षांचं रान मला चाळीस पानांत बसवायचंय,
ऑक्टोबरअखेर, किर्गिझ आणि रशियन दोन्ही भाषांत, तीन प्रतींत.
कचेरीत शेगडी एकच, ती साहेबांच्या खोलीत.
मी लिहिते बोटं कापलेले हातमोजे घालून.

रान अक्रोडांचं. मालक सरकार.
झाडाखालचे पट्टे मात्र सासूकडून सुनेकडे येतात,
आणि सप्टेंबर लागला की गावच्या गाव
किटल्या, गोधड्या, पाळणे, एखादं गाढव घेऊन
वर राहायला जातं.
हिरव्या सालीचा रंग मग बर्फ पडेपर्यंत निघत नाही.
या मोसमात सगळ्यांचेच हात काळे,
त्यामुळे कोणावर संशय घ्यायची सोय नाही.

कक्ष सत्तेचाळीस. उतार उत्तरेचा.
मागची आयोजना एकोणीसशे सत्त्याऐंशीची,
मोजणीदार वेनियामिन कार्लोविच,
अक्षर इतकं टापटीप की दुरुस्ती करायला हात धजू नये.
त्यानं लिहिलंय: दगड. झाडं नाहीत.

एर्मेकनं टेप धरली आणि हसायलाच लागला.
एकतीस अक्रोड.
त्यातल्या सहांना आम्हा दोघांची कवळ पुरली नाही.
आणि प्रत्येकाच्या बुंध्याला गाठ,
कुणाची कणकेच्या गोळ्याएवढी, कुणाची
बसलेल्या मेंढीएवढी.

गाठ म्हणजे काय ते मला शिकवायला नको.
गाठीसाठी तेव्हा ट्रक यायचे,
गाठीचा पातळ पापुद्रा काढून
दूर कुठेतरी कुणाच्या तरी टेबलावर चिकटवायचे,
आणि झाड उरायचं खड्ड्याच्या आकाराचं.

पट्टा तुर्सुनॉयचा.
तिनं चहा ओतला, भाकरी मोडली,
माझ्या वहीकडे बघितलं नाही.
"तो जर्मन," ती म्हणाली, "सासूबाईंकडे आठ दिवस राहिला.
पायाला लागलं म्हणायचा. लंगडायचा तर नाही."
एवढंच.
मग कोंबड्यांना हाकलायला उठली,
जरा जास्तच वेळ हाकलत बसली.

आता माझी पंचाईत ऐका.
खरं लिहावं, तर एकतीस झाडं कागदावर येतात,
आणि कागद इथून राजधानीला जातो,
वाटेत किती टेबलांवर थांबतो ते मी मोजलेलं नाही.
खोटं लिहावं, तर ते त्याचंच राहू द्यायचं,
शाईसुद्धा माझी लागत नाही.
पण खाली वाकून बघितलं मी:
झाडांखाली एकही रोप नाही.
गुरं येतात, कोवळं तेवढं खातात.
जून झाडांची ही शेवटची पिढी आहे, मुलं नसलेली.
रोपांना कुंपण हवं. कुंपणाला मंजुरी.
मंजुरीला कारण.
आणि दगडांना कुंपण मागणाऱ्या बाईला
साहेब रजेवर पाठवतील.

वेनियामिन कार्लोविच, तुम्ही झाडं वाचवलीत
आणि त्यांचा वंश माझ्या गळ्यात घातलात.
तुमच्या आयोजनेत हा रकाना नव्हता का हो?

रात्री वीज गेली. मेणबत्ती तिरपी जळत होती.
एर्मेक बाकावर झोपला होता, टेप उशाला.
मी रकाने भरत गेले.

कक्ष सत्तेचाळीस.
भूरूप: दगड, मोठे, सुटे, एकतीस.
उतार तीव्र. दगड घरंगळण्याचा संभव.
चरणाऱ्या जनावरांना व मुलांना धोका.
शिफारस: तार कुंपण, सातशे मीटर,
पंचवीस वर्षांसाठी, तातडीनं.

'दगडांची वाढ' असा रकाना छापील फॉर्मात नाही.
समासात, पेन्सिलीनं, खोडता येईल असं,
पुढच्या मोजणीदारासाठी लिहून ठेवलं:
मंद.
येताना जाडे मोजे आणा. चहा तुर्सुनॉयकडे.
पायाला लागलं म्हणा.