शॉर्ट लेफ्ट

गिलूलीजच्या पुलाखाली टो-ट्रक लावून मी बसतो.
साखळी, हुक, थर्मासमधला चहा,
आणि स्कॅनरवर खरखरणारी दुसऱ्यांची वाईट वेळ.
माझं पोट चुकलेल्या वळणांवर चालतं.
आईला मी हे अजून अशा शब्दांत सांगितलेलं नाही.

इथे रस्ते एकमेकांच्या खांद्यांवरून जातात
आणि कुणी कुणाला विचारत नाही, कुठे निघालास.
विमानतळाकडे निघालेल्याचा एक पट्टा चुकतो,
मग पुढच्या एक्झिटपर्यंत तो
हात धुऊन स्वतःच्याच मागे लागतो.

लिंक्सफील्ड, मॉडरफॉन्टेन, लंडन रोड, मार्लबरो.
हिरव्या पाट्या पाढ्यासारख्या पाठ.
लंडन रोडनं लंडन येत नाही, अलेक्झांड्रा येतं,
पत्र्यांवर दगड ठेवून वाऱ्याला धरून बसलेलं.

जुलैची रात्र होती. जळक्या गवताचा वास, काचेवर दंव.
एका वकिलाची चेपलेली गाडी ओढत निघालो होतो
तर पिवळ्या रेघेच्या आत एक म्हातारी,
डोक्यावर मक्याच्या पिठाचं पोतं.
थांबलो. थांबायला मनाई आहे.
मा-सेइपाती, तिनं नाव सांगितलं,
आणि पोतं मांडीवर घेतलं, नातवाला घ्यावं तसं.

"शॉर्ट लेफ्ट," म्हणाली थोड्या वेळानं.
टॅक्सीत म्हणतात ना, डावीकडे वळलास की लगेच सोड.
मला हसू आलं.
आजी, हा बायपास आहे,
मार्लबरोपर्यंत इथे डावी येत नाही.
"येते," ती म्हणाली. बोट दाखवलं.

पाटी नाही, बाण नाही, नंबर नाही.
कुंपणाची जाळी एका माणसापुरती वाकलेली
आणि खाली उतरणारी पायवाट,
पावलांनी इतकी घोटलेली
की माझ्या दिव्यात चकाकली.
अकरा वर्षं मी हिच्यावरून शंभरनं जातोय.

"आम्ही इथूनच पाण्याला जायचो. रस्ता नंतर आला,"
एवढंच म्हणाली, तक्रार नव्हती तिच्यात.
जाळी मी धरली. तिचा कोट तारेत अडकला,
तो तिनंच सोडवला, सवयीनं.
भाड्याची नाणी डॅशबोर्डवर मोजून ठेवलेली होती,
नको म्हणायला मला वेळ दिला नव्हता.

स्कॅनर बोलला: बक्लू, दोन गाड्या, डावा पट्टा बंद.
मी इंडिकेटर तसाच टिकटिकत ठेवला.
खाली कुठेतरी एक दिवा लागला,
किंवा तो आधीपासूनच होता.