पिछाडीचा दिवा

बंदी उठायला चार दिवस होते.
निवतीच्या वाळूत ‘सातेरीप्रसाद’
ओंडक्यांवर बसलेली, पोटाला ताजा रंग.
भालूकाका म्हणाला, मागचो दिवो बघ गो चेडवा,
दोन वर्सां झाली, काजव्यासारखो पेटता.

कारणही त्यानेच दिलं:
बॅटरीजवळचे पयले जेवतत.
पंगतीत शेवटाक बसल्याक काय गावतला? रस्सो.
(चार भावांत काका चौथा.)

या समजुतीपायी त्याने दोन बॅटऱ्या बदलल्या,
एक कर्जाने.
गेल्या माघात एक ट्रॉलर अंधारातून
पिछाडीला हातभरावरून घासून गेला,
तेव्हाही शिव्या बॅटरीलाच.

मी म्हटलं, काका, ही पंगत नाही.
समांतर जोडणी आहे, भरतीसारखी.
भरती ट्रॉलरलाही उचलते, पागणाऱ्याच्या होडक्यालाही,
दोघांना सारखीच उंच.
ट्रॉलर पाणी जास्त सारतो, होडकं थोडं,
तो हिशोब प्रवाहाचा, तो वेगळा.
उंची मात्र कुणी कुणाची खात नाही.

काका तंबाखू मळत राहिला.
मगे माजो दिवो खयच्या समुद्रात?

मीटर काढला. वेंगुर्ल्यात आयटीआयला असताना
स्टायपेंडमधून घेतलेला, पिवळा, एका कोपऱ्यात फुटका.
काकाने लाल काडी उचलून बॅटरीला टेकवली.
शून्य.
मेली काय गो?
नाही काका, काळीही टेकव.
एका जागेला व्होल्ट नसतात,
दोन जागांच्या मध्ये असतात.
पुस्तकात विभवांतर म्हणतात, अंतर त्या शब्दातच आहे.
ओहोटीची रेघ माहीत नसेल
तर भरती किती चढली हे कसं सांगशील?

हे त्याला पटलं. तंबाखू गालात गेली.

सगळे दिवे लावले.
बॅटरीवर बारा पॉइंट चार.
डोलकाठीचा दिवा, बारा पॉइंट चार.
मासे दाखवणारं यंत्र, बारा पॉइंट चार.
केबिनमधला बल्ब, ज्याखाली निलू पत्ते खेळतो,
बारा पॉइंट चार.
काका प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत होता,
लिलावात बोली म्हणतात तसा.
पिछाडीला गेलो.
दहा पॉइंट नऊ.

तो माझ्याकडे बघायला लागला.
मी फळ्यावरच्या वाक्याकडे,
ज्याला परीक्षेत दोन मार्क होते.

मग वायरीमागून वायर, गुडघ्यांवर,
जाळ्याच्या ढिगाखाली, बुडाच्या वासात.
तिथे एक सांधा, काळ्या पट्टीत गुंडाळलेला,
निलूने कधीतरी घाईत मारलेला.
त्याच्या अलीकडे एक काडी, पलीकडे दुसरी.
इथे शून्य हवं होतं. एकाच तारेची दोन टोकं,
त्यांच्यात कसलं अंतर?

दीड व्होल्ट.

दहा पॉइंट नऊ आणि दीड.
काकाने बोटांवर बेरीज केली, दोनदा.
पट्टी सोलली तर आत तांबं कुठलं,
पोफळीवर मारायच्या मोरचुदासारखा हिरवा भुगा.
खारा वारा दोन वर्षं तिथे बसून जेवत होता.

म्हंजे, काका हळू म्हणाला,
कर्लीच्या तोंडार दांडो पडता तसा.
भायर भरती पुरी, आत पानी चढना नाय.

हो, मी म्हटलं. यापेक्षा नीट
आमच्या सरांनीही सांगितलं नव्हतं.

नवा सांधा मारला, डाग दिला, ग्रीस भरलं.
तेवढ्यात त्याचा प्रश्न आला:
आणि तुजो हो मीटर किती खाता?
जवळजवळ काहीच नाही.
बाजूला उभा राहतो, दोन्हीकडे हात लावून.
खाणारा असता तर आकडाच खोटा आला असता.

‘तसो माणूस गावाक नाय,’ म्हणून तो थुंकायला उठला.
हिरव्या तारेचा तुकडा त्याने खिशात टाकला,
कोणाला दाखवायला, विचारलं नाही.

सांज झाली. पिछाडीचा दिवा
वाळूवर माझी सावली पाडण्याइतका लागला.
शेवटचं एकदा मोजलं:
बारा पॉइंट तीन.

उरलेलं पॉइंट एक कुठे गेलं
ते उद्या बघू.