पीळ

ग्रनोबलमध्ये, द्राक नदी इझेरला मिळते त्या टोकावर
एक पोकळ कडं आहे, आठशे चव्वेचाळीस मीटर परिघाचं.
पहाटेचे तीन दहा. कॉफीच्या यंत्रात नाणं अडकलेलं.
सोलेन केरवादेक नायलॉनच्या फासात
एक स्फटिक उचलते, मिठाच्या खड्याहून बारीक.
चौदा महिन्यांत धरलेला हा एकुलता.
तो गार वाफेत ठेवून ती बाहेर येते,
शिशाचं दार ओढून घेते.

त्यात गोठलंय जिवाणूच्या घरचं एक प्रथिन.
काम एवढंच, जनुकाच्या दाराशी बसून राहायचं.
दोन अर्धे, एकमेकांना टेकलेले, हुबेहूब;
दोघांच्याही पायाशी मळसूत्र, वळण, पुन्हा मळसूत्र,
आणि ते दुसरं
डीएनएच्या रुंद खाचेत चपखल.

मग औषध येतं.
मारायला निघालेलं, ते आधी ह्याच्याच पोटात शिरतं.
पोटातलं काहीतरी सरकतं, त्याच्या धक्क्याने दुसरं,
आणि खाली पाय फाकतात.
फार नाही. केसाच्या जाडीचे लाख भाग केले
तर त्यातला जेमतेम अर्धा.
पण खाच आता मापाची राहत नाही.
राखणदार दार सोडतो
आणि उघड्या दारातून निघते
औषध उपसून बाहेर फेकणाऱ्या पंपाची आज्ञा.

ओदिलों पेराशों हे चित्र पडद्यावर बघतो.
एकतीस वर्षं ह्या किरणांपाशी, आता उरल्यात चार रात्रपाळ्या.
सांधे सुजलेला पंजा तो दिव्यासमोर धरतो:
"माझंही हेच. बोटं तीच, अंतर वाढलं.
अकॉर्डियनची बटणं सापडत नाहीत.
जूनपासून पेटी बंद."

सोलेनला काय बोलावं सुचत नाही.
अर्धवट झोपेत विचारते,
"मग तुमचं काय उघडलं?"

तो खरंच विचार करतो.
"बायको बोलते ते ऐकू यायला लागलं," म्हणतो,
"बरंच बोलते ती."

झडप उघडते. किरण.
पडद्यावर काळे ठिपके, ओळीने, मग आणखी दूरवर,
अगदी कडेपर्यंत. ओदिलों शीळ घालतो, हळू.
तिकडे स्फटिक कडेने पिवळा पडत चाललाय.
जळू दे. सुंभ जळेल;
पीळ ठिपक्यांत उतरलाय.

पोटात औषध आहे की नाही
हे मात्र अजून कुणालाच माहीत नाही.
सोलेन यंत्राला एक चापट मारते.
नाणं पडत नाही.