पाच मीटर उजेड

बस आली तेव्हा तिच्या पाटीवर अजून
'वेंगुर्ले – कुडाळ' पुसट होतं.
सीटा काढल्या, बोल्टांची भोकं राहिली.
त्या भोकांवर आता माझा ओटा उभा आहे,
ड्रायव्हरच्या जागी तांदळाचा डबा.

उजेडाचं काम मी शेवटावर टाकलं होतं.
रिळावर गुंडाळलेली पट्टी,
दर तीन दिव्यांनंतर कात्रीची बारीक खूण.
तिथेच कापायचं. भलतीकडे कापलं तर ते तिन्ही गेले.
मी एकदा भलतीकडे कापलं.

बावतीस होड्यांच्या इंजिनांचं वायरिंग करतो.
त्याने माझी वायर नखाने सोलली, हुंगली.
"खारो वारो तांब्याक खाता. कल्हयची घे."
कल्हई.
हा शब्द मी पितळी भांड्यांबरोबर मोडीत दिला होता.

पट्टीमागचा डिंक दमट पत्र्याला धरेना.
रात्री चिकटवावी, सकाळी चहात लोंबावी.
मग छताच्या कडेला, रंगाच्या चार थरांखाली,
कड्या सापडल्या
ज्यांतून कंडक्टरच्या बेलची दोरी जायची.
खरवडल्या. त्याच वाटेने पट्टी ओवली,
कडीतून कडीत,
पहिलं रीळ संपलं तिथे दुसरं जोडत
पुढच्या दारापासून मागच्या काचेपर्यंत.

पुढे लख्ख.
मागे, अंथरुणापाशी, तापातून उठल्यासारखा पिवळट.
बावतीस हसला, "लांब गेल्यार करंट दमता.
दोनी टोकांक पाज तेका."
बॅटरीपासून दुसरी वायर चाकाच्या कमानीवरून मागे नेली.
अर्धा दिवस गेला, आणि अंगठ्याचं नख.

संध्याकाळी लवू कुबल आला, रापणीचा माणूस.
दारातच थांबला.
"काय लावलंस ह्या?"
एलईडी, म्हटलं,
आणि म्हणता म्हणता कळलं, या किनाऱ्यावर ही शिवी आहे.
रात्री बाहेर पाण्यावर दिव्यांचं एक गाव उगवतं,
सकाळी रापण ओढावी तर झार आणि चपला.
"ह्याच उजेडान भुलवून न्हेलो गो सगळो बांगडो."

बारा व्होल्टचा आहे, म्हटलं. घरापुरता.
त्याने एका दिव्यावर बोट ठेवलं,
गरम लागेल म्हणून वाट पाहिली.
मग मागच्या खिडकीशी बसून कोरा चहा प्यायला,
माशांबद्दल एक शब्द बोलला नाही,
नातीच्या बारावीबद्दल बोलला.

समुद्राकडच्या बाजूसाठी आणलेलं तिसरं रीळ
मी उघडलंच नाही.
त्या बाजूच्या काचांत आता नुसता काळोख,
आणि त्यात माझाच ओटा, उलटा.

बटण बेलच्या जागी बसवलंय, दोरीचंच.
एकदा ओढलं की थांबा, दोनदा ओढलं की चला.
मी एकदाच ओढते.
पहिल्याच रात्री एक पाल आली
आणि चौथ्या कडीपाशी ठाण मांडून बसली,
रोजच्या थांब्यावर बसावं तशी.