पान चार, सत्त्याण्णव टक्के

आधी प्रिंटर खोकतो.
मग एकेक पान बाहेर येतं, कोमट, किंचित ओलं,
आणि माझं माहेर
कॉटबुसच्या या सहाव्या मजल्यावर
जेवणाच्या टेबलावर वाळत पडतं:
उत्तरेची भिंत, दक्षिणेची भिंत,
उलगडून चपटं केलेलं धुराडं,
गोठ्याचं दार,
आणि कोपऱ्यात डिंक लावायचा एक सुटा कान, आकडा तेवीस.

हे सगळं भाचीने आखलं, मार्हाताने.
तीन जुने फोटो आणि मी फोनवर बडबडलेलं काहीबाही
एवढ्यावरून तिने घर सपाट केलं.
सपाट करणारी माणसं आमच्याकडे आधीही आली होती.
लोटार त्यांतलाच.
कोळशाच्या खाणीत एकतीस वर्षं.
ज्या आठवड्यात आमच्या गल्लीची पाळी होती
त्या आठवड्यात त्याने रजा घेतली नव्हती.
मी कधी विचारलं नाही.
दोन मुलगे वाढवले, कोबीच्या बरण्या भरल्या, विचारलं नाही.

आता तो चष्म्यावर भिंग चढवून बसतो,
सूचना मोठ्याने वाचतो:
"तुटक रेघ म्हणजे डोंगर.
ठिपक्यांची रेघ म्हणजे दरी."
दरी मला ठाऊक आहे.
तिच्यात आता पाणी सोडलंय, रविवारी लोक होड्या घेऊन जातात.

घर पाहावं बांधून म्हणतात.
हे पाहावं कापून.
माझ्या विणायच्या सुईने तो रेघेवर चर पाडतो,
हात थरथरतो म्हणून श्वास रोखून,
मग सुरी, पोलादी पट्टीला घासून,
मग कापलेल्या कडेवर करडी पेन्सिल,
नाहीतर घडी घातली की कागदाचं पांढरं हाड दिसतं.

पिवळी शाई संपली होती.
लिंडनचं झाड निळं आलं, विटा गुलाबी.
नवी डबी आणतो म्हणाला. मी म्हटलं, किंमत बघितलीस?
राहू दे. संध्याकाळचं घर आहे असं समज.

भिंती उभ्या राहिल्या,
कोपऱ्याकोपऱ्याला कपड्यांचे चिमटे लावून.
छप्पर मात्र बसेना.
इकडून दोन मिलिमीटर कमी, उत्तरेला तीन.
त्याने मोजलं, पुन्हा मोजलं, मार्हाताला फोन लावला.
ती हसली. काका, चौथं पान छापताना
"पानात बसवा" दाबलं गेलं असणार,
सत्त्याण्णव टक्केच आलंय.
परत छापा की, एका पानाचं काम.

तो उठला नाही.
छप्पर दोन्ही तळव्यांवर घेऊन बसून राहिला.
मग माझ्या बोलीत बोलला,
आमच्या गावच्या सोर्ब बोलीत,
जिच्यात त्याला फक्त मीठ माग आणि दार लाव एवढंच येतं
असं मी समजत होते:

"उत्तरेला गळायचं ना?"
गळायचं, मी म्हटलं. आई बादली ठेवायची.
"निळी."
मी बघतच राहिले.
"आम्ही आत शिरलो तेव्हा तिथेच होती.
अर्धी भरलेली.
मी ती उचलून रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली.
मग यंत्रावर चढलो."

खाली ट्राम गेली. चिमटा एक सुटून पडला.
मी काही बोलले नाही,
बरं म्हणावं असंही नव्हतं, आणि वाईट म्हणावं
तर इतक्या वर्षांचा हिशोब कुठून सुरू करायचा.

कचऱ्यातून लिंडनच्या पानांची एक निळी पट्टी घेतली,
पेनच्या कांडीवर गुंडाळली, डिंकाचा थेंब लावला.
तळ जमला नाही. तशीच ठेवली,
तीन मिलिमीटरच्या फटीखाली, स्वयंपाकघरात.
लोटारने वरून छप्पर टेकवलं
आणि बोटांनी दाबून धरलं,
डिंक केव्हाच सुकला होता तरी.

तेवीस आकड्याचा कान अजून टेबलावर आहे.
तो कशाला जोडायचा होता, मार्हातालाही आठवत नाही.
टेबल पुसताना लोटार तो उचलतो,
फडकं फिरवतो,
आणि होता तिथेच परत ठेवतो.